चित्तविकृतीची पूर्वलक्षणे
(तरुणवयातील). चित्तविकृती म्हणजे व्यक्तीचा वास्तवाशी असलेला संबंध सुटणे. चित्तविकृत अवस्थेत व्यक्तीला कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात (निर्वस्तुभ्रम), पुराव्याने न ढळणाऱ्या चुकीच्या समजुती तिच्या मनात घर करतात (संभ्रम) आणि विचारांची संगती तुटते. ही अवस्था बहुधा एकाएकी येत नाही. तिच्या आधी काही आठवडे, महिने, कित्येकदा वर्षे व्यक्तीच्या झोपेत, अभ्यासात, बोलण्याचालण्यात आणि नात्यांत बदल होत असतात. या बदलांना पूर्वलक्षणे आणि त्या काळाला पूर्वावस्था असे म्हणतात. अशा विकृतींत ⟶ छिन्नमानस ही प्रमुख असून ती बहुतांशी पंधरा ते तीस या वयात सुरू होते. त्यामुळे पूर्वलक्षणांचा प्रश्न हा मुख्यतः तरुणांचा व त्यांच्या घरच्यांचा प्रश्न ठरतो. पूर्वलक्षणे फार पूर्वीपासून ज्ञात होती. त्यांवरून वेळीच काही करता येईल, हा विचार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. मधल्या काळाचा इतिहास हा काहीसा ज्ञानाचा आणि बराचसा हताशपणाचा इतिहास आहे.

रोग प्रकट होण्यापूर्वी त्याची चाहूल लागते, ही कल्पना भारतीय वैद्यकाला नवी नाही. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही रोगज्ञानाची पाच साधने आयुर्वेदाने सांगितली असून त्यांतील पूर्वरूप म्हणजे येऊ घातलेल्या रोगाची खूण होय. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. डोके रिते वाटणे, डोळे अस्वस्थ होणे, कानात नाद घुमणे, अन्नावरची वासना उडणे, कारण नसताना चिंता व उद्वेग वाटणे, अंगावर वारंवार काटा येणे, तसेच स्वप्नात भ्रमण करणारी, हलणारी, अस्थिर रूपे पुन्हा पुन्हा दिसणे, अशी उन्मादाची पूर्वरूपे तेथे दिली आहेत. चरकाचा उन्माद आणि आजचे छिन्नमानस एकच, असे म्हणणे धाडसाचे होईल. उन्माद या संज्ञेत आज वेगवेगळ्या मानल्या जाणाऱ्या अनेक विकृती सामावतात आणि वयाचा संबंध तेथे स्पष्ट केलेला नाही. तथापि ‘कारण नसताना’ या शब्दांवर दिलेला भर लक्षणीय आहे. चिंता किंवा उद्वेग हे स्वतः रोगचिन्ह नव्हे. प्रसंगाशी त्यांचा मेळ नसणे हे रोगचिन्ह होय, ही दृष्टी आजच्या चिकित्सकालाही मान्य व्हावी.

यूरोपात तारुण्य आणि बुद्धिभ्रंश यांचा संबंध इंग्रज वैद्य टॉमस विलिस (१६२१–७५) याने नोंदविला. बालपणी तल्लख असलेली काही मुले कुमारवयात मंद व जड होतात, असे त्याने १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिले. खरे तपशीलवार वर्णन मात्र लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळातील औषधयोजक जॉन हॅसलम (१७६४–१८४४) याचे. इस्पितळात राहून रोज रुग्ण पाहणाऱ्या या माणसाची नजर तीक्ष्ण होती. १८०९ मध्ये त्याने तरुणांत आढळणाऱ्या एका प्रकाराचे वर्णन केले. सुरुवात इतकी सूक्ष्म असते, की काही महिने ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. पूर्वी ज्या गोष्टींत आनंद वाटे त्या सुटतात. आईवडील व मित्र यांच्याबद्दलची ओढ कमी होते. वाचायला घेतलेले पुस्तक पुढे सरकत नाही. पेहराव आणि स्वच्छता यांकडे दुर्लक्ष होते. या वर्णनात त्याने एक विलक्षण मार्मिक गोष्ट नमूद केली आहे : माया करणारे नातेवाईक या बदलाने फसतात, पोर आता अवखळपणा सोडून शहाणे व गंभीर होऊ लागले, असे त्यांना वाटते. आजही रुग्णाच्या घरी मागील इतिहास विचारला असता ‘तो शांत झाला होता, आम्हाला बरेच वाटले’ अशा धर्तीचे उत्तर मिळते. दोनशे वर्षांपूर्वीच्या नोंदीची ही ताजी प्रत म्हणावी लागेल.

फ्रान्समध्ये बेनेडिक्ट मोरेल (१८०९–७३) याने १८५२ मध्ये आणि पुढे १८६० च्या आपल्या ग्रंथात ‘अकाली बुद्धिभ्रंश’ या अर्थाची संज्ञा वापरली. त्याने सांगितलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा वर्गात अव्वल होता. तो हळूहळू उदास व एकलकोंडा झाला, वडिलांविषयी त्याच्या मनात द्वेष उत्पन्न झाला आणि शिकलेले सारे तो विसरू लागला. मोरेलच्या मते ही पिढ्यान्पिढ्या होत जाणाऱ्या वंशऱ्हासाची परिणती होती. हे स्पष्टीकरण पुढे चुकीचे ठरले. पण त्याने रुग्णाच्या घराण्यावर कायमचा डाग लावला आणि त्याचे सावट पुढील शतकावर पडले.

जर्मनीतील गर्लिट्‌स येथे कार्ल कालबाउम (१८२८–९९) आणि त्याचा सहकारी एव्हाल्ट हेकर (१८४३–१९०९) यांनी रुग्णाच्या वयाकडे आणि रोगाच्या क्रमाकडे एकत्रितपणे पाहिले. हेकरने १८७१ मध्ये वर्णिलेल्या विकाराचे ‘हेबेफ्रेनिया’ हे नाव तारुण्याची ग्रीक देवता हीबी हिच्यावरून दिलेले आहे. आपल्या निबंधात त्याने रुग्णांची पत्रे छापली. वाक्यरचना कशी ढिली होत जाते, विषय कसा निसटतो, हे वाचकाला स्वतःच पाहता यावे, असा त्यामागील हेतू दिसतो. कालबाउमने १८७४ मध्ये शरीराच्या ताठरतेसह येणाऱ्या ‘कॅटॅटोनिया’चे वर्णन केले. तरुण रुग्णांसाठी आपल्या संस्थेत शिक्षणाची सोय करणारा तो आरंभीच्या चिकित्सकांपैकी एक होता.

या सर्व तुकड्यांना एका चौकटीत बसविले एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) याने. प्रत्येक रुग्णाचे त्याने एक कार्ड ठेवले होते. त्यावर सुरुवातीची लक्षणे आणि पुढे काय झाले, याची तो नोंद करी. हायडल्‌बर्गमधील वर्षांत या कार्डांच्या आधारे त्याने १८९९ च्या आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ आणि उन्माद-अवसाद चित्तविकृती या दोन विकृती निश्चितपणे वेगळ्या केल्या. हे विभाजन मानसचिकित्सेच्या इतिहासातील अत्यंत फलदायी विभाजन होय. परंतु त्याच्यासोबत एक मोठी अडचणही आली. क्रेपेलीनने विकृतीची व्याख्या तिच्या शेवटावरून केली होती. शेवट बहुधा वाईट, असे त्याच्या कार्डांवरून दिसत होते. ज्या रोगाची ओळखच त्याच्या शेवटावरून पटते, त्याचा आरंभ शोधण्याचे कारण उरत नाही. ओळख पटेपर्यंत उशीर झालेला असे आणि आधी ओळखले असते, तरी करण्यासारखे काही नव्हते.

ऑयगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) हा झुरिकच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख होता. १९०८ मध्ये बर्लिन येथील व्याख्यानात आणि १९११ च्या ग्रंथात त्याने ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचविले. मराठीत त्यासाठी छिन्नमानस हा शब्द रूढ झाला आहे. या नावामुळे ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ असा गैरसमज सर्वत्र पसरला. ब्लॉइलरला अभिप्रेत असलेली फाळणी दोन व्यक्तींची नव्हे. विचार, भावना व इच्छा यांच्यातील जोडाची होती. सर्वच रुग्ण बुद्धिभ्रंशाकडे जात नाहीत आणि विकृती नेहमीच लवकर सुरू होत नाही, असे त्याने दाखवून दिले. शेवटाचे ओझे त्याने काढून टाकल्यामुळे आरंभाकडे पाहण्यास वाव मिळाला.

ती वाट प्रथम चोखाळणाऱ्यांत अमेरिकन मानसचिकित्सक हॅरी स्टॅक सलिव्हन (१८९२–१९४९) याचे नाव घ्यावे लागते. मानसचिकित्सकापुढे शेवटच्या अवस्था फार येतात आणि विकृती जडण्यापूर्वीच्या अवस्था फारच थोड्या येतात, अशी खंत त्याने १९२७ मध्ये व्यक्त केली. बिघाड पूर्ण होण्याआधी अनेकांना सावरता येईल, असा त्याचा विश्वास होता. त्याच्या हाती औषध नव्हते. संभाषण आणि आपुलकीची सोबत एवढेच होते.

पूर्वावस्थेचे सर्वांत सखोल वर्णन क्लाउस कोनराट (१९०५–६१) या जर्मन तज्ञाने केले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात त्याने नुकतीच विकृती जडलेले शंभराहून अधिक सैनिक तपासले आणि त्यांच्याकडून विकृतीचा प्रारंभ आतून कसा वाटला, याची विचारपूस केली. हे साहित्य त्याने १९५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पहिल्या टप्प्याला त्याने नटांच्या बोलीतील शब्द वापरला : ‘ट्रेमा’, म्हणजे रंगमंचावर जाण्यापूर्वीची धडधड. काहीतरी मोठे घडणार आहे, पण काय ते कळत नाही, अशी ही अवस्था. सारे जग जणू श्वास रोखून उभे आहे. ओळखीच्या वस्तू ओळखीच्याच असतात, पण त्यांचा भाव बदललेला असतो. काहींना हे आनंददायक वाटते, काहींना भयप्रद, काहींना आपण अपराधी असल्यासारखे. नंतर एका क्षणी ‘उलगडा’ होतो : रस्त्यावरून गेलेली गाडी, शेजाऱ्याचे खोकणे, फलकावरचा शब्द हे सर्व आपल्यासाठीच आहे, हे अचानक स्पष्ट होते. आपण साऱ्या घटनांच्या केंद्रस्थानी आहोत, ही जाणीव त्यापुढची. घरच्यांना संभ्रम दिसतो तो या टप्प्यावर. रुग्णाच्या लेखी मात्र तो असह्य अनिश्चिततेचा शेवट असतो. ‘तुझे म्हणणे खोटे आहे’ या उत्तराचा रुग्णावर परिणाम का होत नाही, याचा खुलासा यातून होतो. कोनराटचा ग्रंथ जर्मनबाहेर फार काळ अपरिचित राहिला, हे मनोविकारविज्ञानाचे नुकसानच म्हटले पाहिजे.

जर्मनीतच गेर्ट हूबर (१९२१–२०१२) याने ‘मूलभूत लक्षणां’ची कल्पना मांडली. ही लक्षणे इतरांना दिसत नाहीत. ती रुग्णालाच जाणवतात. विचार मध्येच खुंटणे, नेहमीचा शब्द सापडण्यास वेळ लागणे, दोन माणसे एकाच वेळी बोलत असता अर्थ न लागणे, थोड्याशा ताणाने थकून जाणे, आवाज व रंग नकोसे तीव्र भासणे या प्रकारच्या या तक्रारी आहेत. रुग्णाला या वेळी आपले काही बिघडते आहे, हे समजत असते. ही समज पुढे हरवते. स्कॉटलंडमधील जेम्स चॅपमन व अँड्रू मगी यांनीही १९६१ मध्ये नवरुग्णांच्या स्वतःच्या कथनांतून अवधान व संवेदन यांतील असेच बिघाड दाखवून दिले. रुग्णाची साक्ष हा पुरावा आहे, ही गोष्ट त्या काळी सर्वमान्य नव्हती.

चिकित्सेची बाजू पालटली ती १९५२ मध्ये. पॅरिसमधील झां दले व प्येर दनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन या औषधाने निर्वस्तुभ्रम व संभ्रम ओसरतात, असे दाखविले. येथून पुढे ‘लवकर ओळखून काय उपयोग ?’ या प्रश्नाला उत्तर मिळाले. तरीही पुढची तीस वर्षे औषध देण्याची सुरुवात विकृती पूर्ण प्रकट झाल्यावर, बहुधा रुग्णालयात भरती करतानाच होई.

लवकर ओळखण्याच्या कल्पनेला एक अंधारी बाजूही आहे आणि ती वगळून हा इतिहास सांगता येणार नाही. जर्मनीतील १४ जुलै १९३३ च्या कायद्याने छिन्नमानसाचा शिक्का बसलेल्यांचे सक्तीने निर्बीजीकरण सुरू झाले. १९४०–४१ मध्ये मनोरुग्णांना वायुकक्षांत ठार मारण्याची जी मोहीम चालली, तीत सुमारे सत्तर हजार जणांचा बळी गेला. निदान म्हणजे मृत्युपत्र, अशी स्थिती त्या वेळी होती. सोव्हिएट संघात आंद्रेई स्नेझ्नेव्हस्की (१९०४–८७) याच्या संप्रदायाने ‘मंदगती’ छिन्नमानसाची संकल्पना विकसित केली. तीत स्पष्ट चित्तविकृती नसतानाही, केवळ स्वभावातील बदल, हट्टीपणा, ‘सुधारणेचा ध्यास’ अशा सौम्य खुणांवरून निदान करता येत असे. राज्यकर्त्यांना अडचणीचे वाटणारे कित्येक विचारवंत या निदानाखाली मनोरुग्णालयांत डांबले गेले. जागतिक मनोविकारतज्ञ संघटनेतून हकालपट्टी होण्याची चिन्हे दिसताच सोव्हिएट संस्था १९८३ मध्ये तीतून बाहेर पडली व १९८९ मध्ये तिला सशर्त पुनःप्रवेश मिळाला. खूण जितकी सौम्य, तितका तिचा अर्थ लावणाऱ्याच्या हाती अधिकार मोठा; हा धोका केवळ एका राजवटीपुरता नव्हता.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत संशोधनाला मोजमापाची जोड मिळाली. मानहाइम येथे हाइन्ट्‌स हेफनर (१९२६–२०२२) व सहकाऱ्यांनी प्रथमच रुग्णालयात आलेल्या छिन्नमानसी रुग्णांचा व त्यांच्या आप्तांचा तपशीलवार पूर्वेतिहास घेतला. त्यांना आढळले, की सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत विकृतीचा प्रारंभ आवाज ऐकू येणे किंवा संशय यांनी झालाच नव्हता. तो अस्वस्थता, उदासीनता, एकाग्रतेचा अभाव, ऊर्जा ओसरणे, लोकांत मिसळणे टाळणे यांसारख्या सर्वसामान्य लक्षणांनी झाला होता. पहिल्या खुणेपासून स्पष्ट चित्तविकृतीपर्यंत सरासरी सुमारे पाच वर्षे गेली होती. पुरुषांत विकृती स्त्रियांपेक्षा तीन-चार वर्षे आधी सुरू होते, हेही या अभ्यासाने पक्के केले. या पाच वर्षांचा अर्थ समजण्यासाठी वयाचा विचार करावा लागतो. शाळा संपणे, शिक्षणाची दिशा ठरणे, मैत्री व प्रेम, पहिली नोकरी हे सारे याच काळात घडत असते. पहिल्यांदा रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच कित्येकांचे सामाजिक नुकसान होऊन गेलेले असते आणि ते पुढे भरून काढणे सर्वांत अवघड ठरते.

याच सुमारास उपचारपूर्व काळ, म्हणजे स्पष्ट चित्तविकृती दिसू लागल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंतचा काळ, मोजला जाऊ लागला. इंग्लंडमधील नॉर्थविक पार्क येथील १९८६ च्या अभ्यासात हा काळ लांबलेल्या रुग्णांत विकृती पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा काळ लांबला, तर सुधारणा कमी होते, असे पुढील अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातूनही दिसून आले. इयन फॅलून याने १९८० नंतरच्या दशकात बकिंगहॅमशर परगण्यात गावच्या डॉक्टरांनाच पूर्वलक्षणे ओळखण्यास शिकविले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मगोरी याच्या नेतृत्वाखाली १९९२ मध्ये पहिल्या चित्तविकृतीसाठी स्वतंत्र सेवा आणि १९९४ मध्ये विकृती अद्याप प्रकट न झालेल्या, परंतु धोका असलेल्या तरुणांसाठी वेगळे चिकित्सालय सुरू झाले. हे चिकित्सालय मनोरुग्णालयात नव्हे, तर तरुणांना जाण्यास संकोच वाटणार नाही अशा ठिकाणी ठेवले होते.

सर्वांत बोधप्रद प्रयोग नॉर्वेच्या रोगालान जिल्ह्यात झाला. १९९७ पासून चार वर्षे वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपटगृहे, शाळा यांतून चित्तविकृतीच्या खुणा जनतेला सांगण्यात आल्या. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले आणि कोणीही, अगदी मुलगा किंवा मुलगी स्वतःही, दूरध्वनी करून लगेच तपासणी मागू शकेल, अशी पथके उभारली गेली. पूर्वी उपचारपूर्व काळाचा मध्यक २६ आठवडे होता. तो सुमारे ५ आठवड्यांवर आला. प्रचार थांबल्यावर तो पुन्हा १५ आठवड्यांवर गेला. पथके तशीच होती, दूरध्वनी तोच होता. फक्त जाहिराती बंद झाल्या होत्या. दहा वर्षांनंतर केलेल्या पाहणीत मोहिमेच्या क्षेत्रातील रुग्णांपैकी जवळजवळ ३१ टक्के पूर्ववत कामकाजाला लागलेले व लक्षणमुक्त होते. तुलनेसाठी घेतलेल्या क्षेत्रांत हे प्रमाण १५ टक्के होते.

पूर्वावस्थेतच हस्तक्षेप करावा काय, हा प्रश्न याहून कठीण आहे. मेलबर्नच्या आरंभीच्या पाहणीत धोक्याच्या निकषांत बसणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के तरुणांत वर्षभरात चित्तविकृती प्रकट झाली. पुढे चिकित्सालयांकडे अधिक सौम्य तक्रारींचे तरुण येऊ लागले, तसे हे प्रमाण घसरले. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलेला अंदाज पहिल्या वर्षात २२ टक्के व तीन वर्षांत ३६ टक्के असा होता. म्हणजेच निकषांत बसलेल्या बहुसंख्यांना चित्तविकृती होत नाही. त्यांना औषधे देणे किंवा त्यांच्या कपाळी नाव चिकटविणे योग्य काय ? अमेरिकन मनोविकारतज्ञ संघटनेच्या वर्गीकरणग्रंथाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत या अवस्थेला अधिकृत निदान म्हणून स्थान द्यावे, असा प्रस्ताव होता. तीव्र वादानंतर तिला ‘अधिक अभ्यास आवश्यक’ असलेल्या विकारांच्या परिशिष्टात ठेवण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. माशांच्या तेलातील मेदाम्लांनी विकृती टळते, असे व्हिएन्नामधील ८१ तरुणांवरील २०१० च्या प्रयोगात आढळले. पुढे मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात तसे आढळले नाही. त्यामुळे आजही पूर्वावस्थेतील तरुणांना प्रथम औषध न देता सल्ला, मानसोपचार, झोप व दिनक्रम यांची घडी बसविणे, व्यसनांपासून दूर ठेवणे आणि नियमित देखरेख हाच मार्ग बहुतेक तज्ञ पसंत करतात. स्पष्ट चित्तविकृती दिसताच मात्र औषधाला विलंब करू नये, याबाबत मतभेद नाही.

विकृती याच वयात का सुरू होते, याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. कुमारवयात मेंदूतील तंत्रिका कोशिकांमधील अतिरिक्त जोडण्या छाटल्या जातात. ही छाटणी अतिरेकी झाल्यास बिघाड होतो, असे अनुमान अर्विन फाइनबर्ग याने १९८२ मध्ये मांडले व पुढील आनुवंशिकीय संशोधनाने त्याला बळकटी दिली. गांजाचा संबंधही महत्त्वाचा आहे. स्वीडनमधील ४५,५७० लष्करभरतीच्या तरुणांवरील १९८७ च्या अभ्यासात वारंवार गांजा ओढणाऱ्यांत छिन्नमानसाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. कार्यकारणभावाबद्दल वाद असला, तरी कोवळ्या वयातील गांजा निरुपद्रवी नाही, एवढे निश्चित.

भारतात या विषयाची पार्श्वभूमी वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या छिन्नमानसाच्या पथदर्शी अभ्यासात (अहवाल १९७३) आग्रा हे एक केंद्र होते. नंतरच्या अभ्यासात चंडीगढचाही समावेश झाला. भारतासारख्या देशांतील रुग्णांची पुढील वाटचाल संपन्न देशांतील रुग्णांपेक्षा बरी असते, हा त्यांचा निष्कर्ष जगभर चर्चिला गेला. चेन्नई येथे आर्‌. थारा व सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच विकृती जडलेल्या ९० रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्यांतही बहुसंख्यांची प्रकृती समाधानकारक आढळली. कुटुंबाचा आधार हे याचे एक कारण मानले जाते. परंतु हेच कुटुंब उपचाराला उशीरही लावते. बाधा, नजर, करणी यांवर देवऋषी, दर्गा, जागृत देवस्थान या वाटा आधी चाचपल्या जातात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे एका खाजगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण होरपळून मेले. या घटनेने देशाला खडबडून जागे केले. दुसरी वाट लग्नाची : ‘दोनाचे चार हात झाले, की डोके ठिकाणावर येईल’ या समजुतीने आजारी मुलाचे वा मुलीचे लग्न उरकले जाते. त्यात विशेषतः मुलींची परवड होते. विकृती उघड झाल्यावर माहेरी परत पाठविलेल्या आणि पुढे उपचारही न मिळालेल्या स्त्रियांवर चेन्नईच्या संशोधकांनी स्वतंत्र अभ्यास केला आहे.

शासकीय पातळीवर १९७५ च्या सुमारास हरियाणातील रायपूर राणी येथे व बंगलोरजवळील सकलवाडा येथे प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून मनोविकार ओळखण्याचे प्रयोग झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला व १९८५ मध्ये बेल्लारी जिल्ह्यात त्याचा जिल्हास्तरीय नमुना आखला गेला. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याची जागा १९८७ च्या कायद्याने आणि तिची २०१७ च्या कायद्याने घेतली. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला व रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला देणारी शासकीय सेवा देशभर उपलब्ध झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ने रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांचे स्वमदत गट चालविले. कॅनडास्थित मराठी प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांचा त्यामागे पुढाकार होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या देवराई (२००४) या चित्रपटाने छिन्नमानसी तरुण आणि त्याची बहीण यांची कहाणी मराठी घरांत पोहोचविली. या विषयावर उघड बोलण्यास अनेक कुटुंबांना त्यातून धीर मिळाला.

घरच्यांनी व शिक्षकांनी ध्यानात घ्यावयाच्या खुणा वरील इतिहासातूनच निघतात. रात्र-दिवस उलटे होणे, अंघोळ व कपडे यांची पर्वा न उरणे, हुशार मुलाचे गुण विनाकारण घसरत जाणे, मित्र सुटणे, खोलीचे दार बंद राहणे, बोलताना धागा सुटणे, प्रसंगाशी विसंगत हसणे, आपल्याविषयी कुजबुज चालते असे वाटणे, सामान्य घटनांत गूढ संकेत दिसणे, कानावर पुसट हाक येणे या त्या खुणा होत. यांतील एखादी खूण पुष्कळांत असते. परीक्षेच्या दिवसांत रात्र-दिवस उलटे न झालेला विद्यार्थी दुर्मिळच. कुमारवय स्वभावतः वादळी असते आणि एकलकोंडेपणा हा दोष नव्हे. निर्णायक गोष्ट असते ती व्यक्तीने स्वतःच्याच पूर्वीच्या वागण्यापासून घेतलेली फारकत. ती अनेक अंगांनी एकत्र येणे, काही आठवडे टिकणे आणि वाढत जाणे यांवरून तपासणीची गरज ठरते. तपासणीत शारीरिक कारणेही पाहावी लागतात. अपस्मार, अवटू ग्रंथीचे विकार, मादक द्रव्ये यांमुळे असेच चित्र निर्माण होऊ शकते. स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूशोथ २००७ मध्ये ओळखला गेला. त्यापूर्वी असे रुग्ण मनोरुग्ण समजले जाण्याचा संभव होता. वेळीच ओळखल्यास त्यांतील अनेक बरे होतात.

छिन्नमानसी रुग्णांपैकी सुमारे पाच टक्के आत्महत्येने दगावतात आणि यांतील मोठा वाटा विकृतीच्या पहिल्या काही वर्षांतील असतो. म्हणून मरणाचा उल्लेख ऐकला, तर तो ‘लक्ष वेधण्यासाठी’ आहे असे गृहीत धरू नये, सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. संशय व भीती यांनी घेरलेल्या मुलाशी वाद घालण्यापेक्षा ‘तुला झोप येत नाही, तू थकला आहेस, आपण डॉक्टरांना विचारू’ असे त्याच्या दुःखाच्या बाजूने बोलल्यास तो येण्याची शक्यता अधिक असते. पुष्कळदा तो आपणहून कोणाशी तरी, एखाद्या मित्राशी किंवा मावशीशी, अर्धेमुर्धे बोललेला असतो. पालकांना ते महिन्यांनी कळते.